श्रीपाळाचे कुष्ठ आणि मयणेचा हात

चैत्र आणि आश्विन महिन्यांत शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नऊ दिवस ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील श्री मुनिसुव्रतस्वामींच्या देरासरात नवपदाच्या ओळीच्या आराधकांची रीघ लागते. ‘कोकणचे शत्रुंजय’ म्हणून या मंदिराची ख्याती आहे. श्रीपाळ राजाच्या कथेतील ठाणे ते हेच, अशी परंपरेची दृढ श्रद्धा. धवल शेठने लोभापायी भर समुद्रात ढकलून दिलेला श्रीपाळ कोकणच्या किनाऱ्याला लागला, इथल्या वसुपाळ राजाने त्याला आपली कन्या मदनमंजरी दिली, असे चरित्र सांगते. विक्रम संवत १७३८ मध्ये रांदेर येथे उपाध्याय विनयविजयजींनी सुरू केलेला आणि त्यांच्या स्वर्गगमनानंतर उपाध्याय यशोविजयजींनी पूर्ण केलेला ‘श्रीपाळ राजानो रास’ आजही ओळीच्या दिवसांत उपाश्रयांतून वाचला जातो. दिगंबर परंपरेत हीच कथा अष्टाह्निक पर्व आणि सिद्धचक्र विधान यांच्याशी जोडलेली आहे. कोल्हापूर-सांगलीकडच्या घरांत ती मैनासुंदरीची कथा म्हणून सांगितली जाते.

लहानपणी पाठशाळेत ऐकलेल्या या कथेचे बहुतेकांच्या मनात दोनच प्रसंग राहतात. एक, अंगभर कुष्ठ झालेला राजा. दुसरा, सिद्धचक्राच्या न्हवणजलाने सुवर्णासारखी झालेली त्याची काया. या दोन प्रसंगांच्या मध्ये जे आहे ते गळून पडते आणि उरतो तो सोपा हिशेब: पाप केले म्हणून रोग आला, आराधना केली म्हणून गेला. व्यापारी घरांत जमा-खर्चाची भाषा अंगवळणी पडलेली असते, त्यामुळे हा हिशेब पटतोही लवकर. मग कुणाच्या घरी कर्करोग निघाला, कुणाचे मूल मतिमंद जन्मले, कुणाच्या सुनेच्या अंगावर पांढरा डाग दिसला, की भेटीला आलेले नातेवाईक उठता उठता म्हणून जातात, “काय करणार, कर्माची फळं आहेत.” म्हणणाऱ्याचा हेतू बहुधा सांत्वनाचा असतो. अंथरुणावरच्या माणसाच्या कानी मात्र तो निकाल म्हणून पडतो.

रोग म्हणजे वरून आलेली शिक्षा, ही समजूत मानवजातीइतकीच जुनी म्हणावी लागेल. ग्रीकांच्या ‘इलियड’ महाकाव्याचा आरंभच अपोलो देवाच्या कोपाने छावणीत पसरलेल्या साथीने होतो. यहुदी धर्मग्रंथात मोशेची बहीण मिर्यम हिने भावाविरुद्ध तोंड उघडले आणि तिची त्वचा बर्फासारखी पांढरी झाली. पुराणांत श्रीकृष्णपुत्र सांब शापाने कुष्ठी होतो आणि सूर्योपासनेने बरा होतो. कर्मविपाकाच्या स्मृतिग्रंथांनी तर कोणत्या पातकाला कोणता रोग, याच्या याद्याच दिल्या आहेत. चरकसंहितेसारखा वैद्यकाचा थोर ग्रंथही कुष्ठाच्या कारणांत विरुद्ध आहाराबरोबर गुरुजनांचा अवमान आणि पापकर्म यांची नोंद करतो. मराठीत एका रोगाचे नावच ‘देवी’ पडले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला पहिली लस टोचली गेली आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले, तरी लस टोचण्याला मराठी माणूस ‘देवी काढणे’ असेच म्हणत राहिला.

याच काळात वेगळा विचार करणारेही होते. ‘पवित्र रोग’ म्हणून मानल्या गेलेल्या अपस्माराविषयी हिपोक्रेटीसच्या परंपरेतील एका ग्रीक वैद्याने सुमारे २४०० वर्षांपूर्वी लिहिले, की हा रोग इतर रोगांहून काही अधिक दैवी नाही. इकडे सुश्रुतसंहिता कुष्ठावर तुवरकाच्या बियांचे तेल सुचवते आणि ही झाडे पश्चिम समुद्राच्या काठी वाढतात, असेही सांगते. कोकणातला माणूस त्या झाडाला कडू कवठ म्हणतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभरच्या कुष्ठालयांत याच कुळातील झाडांचे तेल वापरले जात होते. शापाची कथा आणि औषधाची बाटली अशा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत.

जैन दर्शनाचे स्थान या साऱ्यात निराळे आहे. इथे कोपणारा, शाप देणारा, शिक्षा ठोठावणारा ईश्वरच नाही. वीतराग परमात्मा ना प्रसन्न होतो, ना रुष्ट. देहाला होणारे सुखदुःख वेदनीय कर्माच्या उदयाने येते. साता वेदनीय असेल तर सुख, असाता असेल तर पीडा. बीज पेरले तर उगवते, तसा हा क्रम. उगवण्यात कुणाचा राग नसतो. तत्त्वतः येथेच शिक्षेची कल्पना संपायला हवी होती. व्यवहारात मात्र न्यायाधीशाची खुर्ची रिकामी दिसताच शेजारी-पाजारी तिच्यावर जाऊन बसले. देव शिक्षा करत नाही हे मान्य. पण ‘तुझ्या कर्माने तुला शिक्षा केली’ असे म्हणण्याची सवय काही गेली नाही.

या सवयीला शास्त्राचा आधार आहे असे मानणाऱ्यांनी ‘विपाकसूत्र’ पाहावे. अकराव्या अंगसूत्रातील दुःखविपाकाची पहिलीच कथा मृगापुत्राची. हात-पाय, डोळे, कान यांच्या केवळ खुणा घेऊन जन्मलेला राजपुत्र. राजवाड्याच्या तळघरात तो ठेवलेला असतो आणि त्याची आई मृगादेवी नाकाला वस्त्र बांधून स्वतः त्याला भरवते. गौतमस्वामी त्याला पाहून येतात आणि प्रभू महावीरांना कारण विचारतात. उत्तर मिळते: पूर्वभवी हा इक्काई नावाचा प्रांताधिकारी होता, जबर कर, लाच आणि वाढीव व्याज यांनी त्याने प्रजेला पिळले होते. कथा कठोर आहे, आणि व्याजबट्ट्याचा व्यवहार करणाऱ्यांनी ती स्वतःसाठी वाचावी अशीच आहे. पण तिच्यातील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. कारण सांगणारे आहेत केवलज्ञानी भगवंत. चार ज्ञानांचे धनी असलेले गौतमस्वामीसुद्धा स्वतः निष्कर्ष काढत नाहीत. ते विचारायला जातात. कोणाचे कोणते कर्म कोणत्या रूपाने उदयाला आले, हे सांगण्याचा अधिकार अशा ज्ञानाचा आहे. दिवाणखान्यात बसून दुसऱ्याच्या रोगाचे पूर्वकर्म सांगणारा माणूस नकळत सर्वज्ञतेचाच दावा करत असतो.

आता श्रीपाळाची कथा सावकाश पाहावी.

चंपानगरीच्या सिंहरथ राजाचा हा लहानगा पुत्र. वडील वारले, काका अजितसेनाने राज्य बळकावले आणि राणी कमलप्रभा बाळाला पोटाशी धरून रात्रीच पळाली. मागे सैनिक होते. वाटेत तिला सातशे कुष्ठरोग्यांचा तांडा भेटला. त्यांनी माय-लेकाला आपल्यात लपवले. रोगाच्या भयाने सैनिक जवळ आले नाहीत. म्हणजे ज्यांची सावलीही लोक टाळत होते, त्या माणसांमुळे श्रीपाळाचा जीव वाचला. त्यांच्यात राहूनच त्याला तो रोग जडला आणि ते त्याला उंबरराणा म्हणू लागले. आई काय करते? नशिबाला दोष देत बसत नाही. कौशांबीला एक कुशल वैद्य आहे असे कळताच त्याच्या शोधात ती निघते. इतक्या जुन्या कथेत संसर्ग आहे, वैद्याचा शोध आहे, आणि पुढे पूर्वकर्मही आहे. कथाकाराला या तिहींत विसंगती वाटलेली नाही. कर्म हे उपादान, संसर्ग हे निमित्त आणि औषध हेही निमित्तच.

उज्जयिनीत प्रजापाळ राजा आपल्या दोन मुलींना विचारतो, सुख कोणामुळे मिळते? सुरसुंदरी म्हणते, पित्याच्या कृपेने. मयणा म्हणते, ज्याच्या त्याच्या कर्माने. संतापलेला राजा तिचा हात कुष्ठी उंबरराण्याच्या हाती देतो. मयणेने कर्माचा सिद्धान्त इथे उच्चारला तो स्वतःच्या भाग्याविषयी, आणि तोही सत्तेच्या तोंडावर. पुढे उंबरराणा स्वतःच तिला विनवतो, माझ्या संगतीने तुझा देह नासेल, तू परत जा. त्या क्षणी ‘हे तुमच्या कर्माचे फळ’ असे म्हणणे तिला सहज शक्य होते. ती तसे म्हणत नाही. ती राहते, त्याचा हात धरून देरासरात नेते, गुरुमहाराजांपुढे बसवते. कर्मसिद्धान्त स्वतःला लावायचा आणि दुसऱ्याला सेवा द्यायची, ही तिची रीत.

मुनिचंद्रसूरीही त्या रोग्याला पाहून पूर्वभवाचा पाढा वाचत नाहीत. ते नवपदांची आराधना सांगतात, आयंबिलाचा विधी समजावतात आणि या दांपत्याची सोय पाहण्यास श्रावकांना सुचवतात. साधर्मिकाच्या घरी आसरा मिळतो. मग नऊ दिवसांची आराधना, न्हवणजलाचे सिंचन आणि आरोग्य. ते जल एकट्या श्रीपाळावर नव्हे, सातशे जणांवर शिंपडले जाते.

रोगाचे कारण कथेत येते ते कितीतरी उशिरा. श्रीपाळाने राज्य परत मिळवले आहे, काका अजितसेनाने दीक्षा घेतली आहे, त्याला अवधिज्ञान झाले आहे. तेव्हा श्रीपाळ आपणहून विचारतो आणि राजर्षी सांगतात. पूर्वभवी तो श्रीकांत नावाचा राजा होता, शिकारीचा व्यसनी. एकदा रानात व्याधिग्रस्त मुनी दिसले. राजा त्यांना ‘कोढी’ म्हणून हिणवतो आणि त्याच्याबरोबरचे सातशे सैनिक त्या हिणवण्यात सामील होतात. तोच राजा या भवी कुष्ठी झाला आणि तेच सातशे त्याचे सोबती.

या कथेत कुष्ठाचे कारण म्हणून सांगितलेले पाप हे आहे: आजारी माणसाला त्याच्या आजारावरून हिणवणे. चोरी नव्हे, हत्याही नव्हे. आणि सातशे जणांचे पाप त्याहून साधे: बोलणाऱ्याच्या बोलण्याला मान डोलावणे. श्रीपाळाची कथा ऐकून आलेला माणूस जर शेजारच्या रोग्याविषयी ‘पापाची फळं’ म्हणत असेल, तर तो स्वतः कथेतल्या कोणत्या पात्राच्या जागी उभा आहे, हे वेगळे सांगायला नको.

उमास्वातींनी ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या सहाव्या अध्यायात असाता वेदनीयाच्या आस्रवाची कारणे मोजली आहेत. त्यांत दुःख, शोक आणि आक्रंदन ही स्वतःच्या ठायी किंवा दुसऱ्याच्या ठायी उत्पन्न करणे येते. साता वेदनीयाच्या कारणांत पहिला मान प्राणिमात्रांविषयीच्या अनुकंपेला आहे. नवव्या अध्यायात आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्य येते आणि ज्यांची सेवा करायची त्या दहांमध्ये ‘ग्लान’, म्हणजे आजारी साधू, याचा स्वतंत्र उल्लेख आहे. श्वेतांबर आगमांनुसार गोशालकाच्या तेजोलेश्येनंतर स्वतः प्रभू महावीरांनी रेवती श्राविकेच्या घरचे औषध मागवून घेतले. कर्म भोगूनच संपवायचे म्हणून औषध नको, असे म्हणणाऱ्यांना याहून मोठा दाखला कोणता हवा? कर्मग्रंथही कर्माला दगडावरची रेघ मानत नाहीत. निकाचित कर्म सोडले तर इतरांची स्थिती आणि रस पुरुषार्थाने घटतात, प्रकृतीही पालटते.

टेंभी नाक्यापासून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर कल्याण. ठाकुर्ली सोडून गाडी कल्याणकडे निघाली की पत्रीपूल येतो. १९१४ चा जुना पूल २०१८ मध्ये पाडला गेला आणि जानेवारी २०२१ मध्ये नवा सुरू झाला, तेव्हा वाहतुकीच्या कोंडीची केवढी चर्चा झाली. याच परिसरात हनुमाननगर ही कुष्ठरुग्णांची वसाहत आहे, याची चर्चा मात्र रोज तिथून ये-जा करणाऱ्यांतही फारशी होत नाही. घरच्यांनी, गावाने दूर केलेली माणसे अशा वसाहतींत एकत्र आली आणि त्यांनी तिथेच संसार मांडले. तीस वर्षांहून अधिक काळ या रुग्णांसाठी झटणारे डोंबिवलीचे गजानन माने हे नौदलातून निवृत्त झालेले सैनिक. १९७१ च्या युद्धात त्यांनी भाग घेतला होता. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे अनेक डोंबिवलीकरांना ही वसाहत ठाऊक झाली.

महाराष्ट्राला या कामाची जुनी परंपरा आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण, अमरावतीला तपोवनात दाजीसाहेब पटवर्धन, वरोऱ्याला आनंदवनात बाबा आमटे, पनवेलजवळ नेऱ्याचे शांतिवन. मुंबईत १८९० मध्ये उभ्या राहिलेल्या, आता वडाळ्यात असलेल्या कुष्ठरुग्णालयाला तेव्हाचे पालिका आयुक्त हॅरी अॅक्वर्थ यांचे नाव आहे. हेच अॅक्वर्थ मराठी पोवाड्यांचे संग्राहक म्हणून साहित्याच्या इतिहासात भेटतात. सेवाग्रामात गांधीजींनी संस्कृत पंडित परचुरेशास्त्रींच्या कुष्ठाच्या जखमा स्वतःच्या हाताने धुतल्या. त्यांची पुण्यतिथी, ३० जानेवारी, देशात कुष्ठरोग निर्मूलन दिन म्हणून पाळली जाते ती त्यामुळेच.

रोगाचे स्वरूप आता पुरते उलगडले आहे. १८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गन येथे डॉ. आर्माउर हॅन्सन यांना रुग्णांच्या ऊतींमध्ये त्याचे जंतू आढळले. हा जंतू अतिशय सावकाश वाढतो. संसर्ग झाल्यावर लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात. बहुसंख्य माणसांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध निसर्गतः प्रतिकारशक्ती असते. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला: रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन. सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो आणि उपचार सुरू झाल्यावर लवकरच रुग्णापासून संसर्गाचा धोका राहत नाही. भारताने २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर रुग्णप्रमाण दहा हजारांत एकापेक्षा कमी आल्याचे जाहीर केले. तरी देशात दरवर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात आणि जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले असतात. औषध मोफत आहे. उशीर होतो तो लपवण्यामुळे, आणि लपवणे येते ते पापाच्या शिक्क्याच्या भीतीने. त्या काळात जंतू मज्जातंतू निकामी करतो. बोटे वाकडी होतात, तळपायाची जखम कळत नाही. एकदा आलेली बधिरता औषधाने बहुधा परतत नाही.

कायद्यानेही हा शिक्का दीर्घकाळ जपला. कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवण्याचा १८९८ चा कायदा केंद्राने २०१६ मध्ये रद्द केला. ज्या हिंदू विवाह कायद्याखाली जैनांचे विवाहही येतात, त्या १९५५ च्या कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ पर्यंत शाबूत होते. मयणेचा आदर्श सांगणाऱ्या समाजात कुष्ठ झालेल्या पत्नीला या कलमाच्या आधारे सोडता येत होते आणि त्यावर फार कुणी आवाज उठवल्याचे ऐकिवात नाही.

विवाहाचा विषय निघालाच आहे तर आणखी एक घोळ सांगायला हवा. मराठीत ‘कोड’ म्हणतात तो पांढरा डाग वेगळा आणि कुष्ठरोग वेगळा. कोडात त्वचेचा रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात. तो कोणाच्या स्पर्शाने कोणाला होत नाही, आणि डागावरची संवेदनाही शाबूत असते. कुष्ठाचा चट्टा बहुधा फिकट किंवा तांबूस असतो, पूर्ण पांढरा नसतो, आणि तिथे स्पर्श कळत नाही. दोहोंना एकच नाव चिकटल्याने कित्येक मुलींची स्थळे मोडली. बायोडेटा जुळवताना आरोग्याची खरी माहिती द्यायला घरे कचरतात, कारण समोरचा ती वैद्यकीय माहिती म्हणून वाचणार नाही, कुळाचा डाग म्हणून वाचेल, हे त्यांना ठाऊक असते. मग क्षयाच्या गोळ्या कपाटात लपतात, मनोविकाराचा रुग्ण ‘परगावी आहे’ असे सांगितले जाते, आणि फिट येणाऱ्या मुलीला सासरी गेल्यावर चोरून औषध घ्यावे लागते. एखादे दिवशी ते चुकते.

चट्ट्याविषयी शंका असेल तर सरकारी आणि महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत तपासणी व औषधे मोफत मिळतात. निदान झाले तर घरातील निकटच्या माणसांना प्रतिबंधक म्हणून रिफॅम्पिसिनची एक मात्रा दिली जाते. पहिल्या तपासणीला काही मिनिटेच लागतात. रुग्णाला डोळे मिटायला सांगून डॉक्टर पेनाचे टोक किंवा कापसाचा धागा त्वचेवर हलकेच टेकवतात, कधी चट्ट्यावर, कधी चट्ट्याबाहेर, आणि जिथे स्पर्श जाणवला तिथे बोट ठेवायला सांगतात.